सातवी

आम्ही सात होतो.
मी लाईनमन; तार बंद असताना
खांबात उरलेली वीज मला मुठीत धरता यायची.
पंक्चरवाला बापुराव ट्यूबला कान लावून
तीन कोसांवरचं पाऊल ओळखायचा.
रेशन दुकानातली यशोधरा ढेंगळे सावल्या मोजायची,
एक जरी जास्त भरली की शटर ओढायची.
उरलेल्यांचं सांगत नाही, ते अजून कामावर आहेत.

सातवी दुर्पता. दुर्पता नैताम.
आजीचं नाव, आजीचाच विळा.
त्याला तिनं कधी धार लावली नाही,
तरी अंधार त्याला पाहून सरायचा
बोडीतल्या शेवाळासारखा.

गाव नवं. पत्र्याचं, गल्ल्यांना नंबर असलेलं.
जुनं गाव खाणीनं खाल्लं,
पार, शाळा, सरण रचायची जागासुद्धा.
रोज दुपारी दोनच्या सुरुंगाला
मांडणीतल्या ताटल्या अजून किणकिणतात.
आणि रात्री खड्ड्यातून वर यायचे ते,
कोळशाच्या अंगाचे, पाय न वाजणारे.
आमचं काम एवढंच: शिवेवर अडवायचं.
नियम दोन. पाणी द्यायचं नाही.
नाव विचारायचं नाही.

पोळ्याच्या रात्री तिनं दोन्ही मोडले.
आम्ही पाहिलं:
वजनकाट्याजवळ बसलेलं एक ठेंगणं, काळं काहीतरी,
आणि ही त्याला ओंजळीनं पाजतेय,
म्हणतेय, "कोनाचा गा तू?"

दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
पोरं पळसाच्या फांद्या नाचवत ओरडत होती,
ढेकूण मच्छर घेऊन जा गे मारबत!
त्यात तिचं नाव आधी कुणी घातलं, माहीत नाही.
दुर्पतेले घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडलो.
आवाज छान लागला होता माझा त्या दिवशी.

खाणीनं पोटातलं सगळं उपसून
जिथे डोंगर केलाय मातीचा,
तिथे एका मोडक्या डंपरच्या केबिनीत ती राहू लागली.
चक्कीवर तिचा डबा सगळ्यांत शेवटी लागायचा.
मग लागेनासाच झाला.

कार्तिकात ते आले, सगळे एकदम.
यशोधरा मोजता मोजता चारशेवर थांबली
आणि शटर न ओढताच रडत बसली.
बापुरावानं कान झाकून घेतले.
मी खांबावर चढून मूठ उघडली;
निळी वीज त्यांच्या अंगांतून गेली
आणि ते आणखी स्पष्ट दिसू लागले, एवढंच.
एकाच्या डोक्याला मुंडासं होतं.
एकीच्या कडेवर पोर.

तेव्हा ती डोंगरावरून उतरली.
हातात विळा नव्हता. घागर होती.
गुरुजी हजेरी घेतात तशी, घाई न करता:
"बकाराम. सायत्रा. न्हाव्याची ठमी.
आवाऱ्याचा लहाना, तापानं गेला तो."
जो तो आपापल्या नावाशी थांबला.
पाणी प्याला. आणि विचारलं एकच,
"घर कोठी गेलं वो?"
ती म्हणाली, "खालीच हाय. चाला, दाखवतो."
आठवडी बाजारातून परतावं तशी
चारशे माणसं तिच्या मागोमाग उतरून गेली,
कुणी कुणाशी हलक्या आवाजात बोलत.

आम्ही सहा जण शिवेवर.
उजाडल्यावर पाहिलं, शीव नेमकी कुठे ते कळेना.
नकाशात ती कंपनीच्या हद्दीत येते.

बैठक झाली, चहा झाला,
विषय निघाला पथदिव्यांचा.
तिला बोलवा असं कुणी म्हणालं नाही.
मीही नाही.

खांबावरून तिचा डंपर दिसतो, चुलीचा धूर दिसतो.
परवा ती बाहेर येऊन वर पाहत उभी राहिली,
तोंड उघडलं, काही विचारणार तशी,
आणि मी घाईघाईनं तारेकडे वळलो,
जी तार तेव्हा ठीकच होती.